पिवळ्या बनियनचा उंदीर

पेणचा संघ रोह्यात फायनल हरला, त्या दिवशी मी बॉलला हातसुद्धा लावला नव्हता. मी गोलकीपर होतो.

मला गोलकीपर कुणी केलं, हे आधी सांगायला हवं, म्हणजे सगळा दोष एकट्या माझ्या माथी येणार नाही. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. उन्हाळा संपता संपता आमच्या घरात माणसांपेक्षा गणपती जास्त असायचे. जेवायला बसायचं तर आधी दोन मूर्ती उचलून पलंगावर ठेवायच्या, आणि झोपायचं तर त्याच मूर्ती पुन्हा खाली. त्यामुळे वस्तू धरायची आणि पडू द्यायची नाही, हे शिक्षण मला चालायच्या आधीच मिळालं होतं. त्यावरून आमच्या विन्याकाकांनी निष्कर्ष काढला, "ज्याच्या हातून आजवर एक मूर्ती नाय पडली, त्याच्या हातून बॉल काय सुटतोय!" (मूर्ती स्वतःहून धावत अंगावर येत नाही, हा फरक कुणाच्याच लक्षात आला नाही.)

विन्याकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कारखान्यात डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे. मूर्ती कितीही सुंदर घडवा, डोळे नीट आखले नाहीत तर देव कुठे बघतोय तेच कळत नाही. काकांनी आखलेला गणपती मात्र थेट तुमच्याकडे बघायचा आणि तुम्ही काय लपवलंय ते त्याला माहीत असायचं. नव्वदच्या दशकात टीव्हीवर वर्ल्ड कप बघून काकांना फुटबॉलची बाधा झाली आणि ते आमच्या संघाचे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि एकमेव निवड समिती झाले. जर्सीला पैसे नव्हते. काकांनी सगळ्यांचे पांढरे बनियन गोळा केले आणि पीतांबराला वापरायच्या पिवळ्या रंगात बुडवले.

"काका, हा पाण्यातला रंग ना?" मी विचारलं.

"मग? तू काय विसर्जनाला चाललायस?"

फायनल ऐन पावसाळ्यात होती! रोह्याचा संघ पांढऱ्या बनियनमध्ये. मॅच सुरू झाली, पाऊस सुरू झाला, आणि आमचा पिवळा रंग हळूहळू चड्डीवरून, पायांवरून मैदानात उतरला. दुसऱ्या हाफमध्ये मैदानात बावीसच्या बावीस माणसं पांढरी. आमची पोरं जीव तोडून पास देत होती आणि ते सगळे पास रोह्याला मिळत होते. मग एक बॉल माझ्याकडे आला. येता येता गोलच्या तोंडाशी डबक्यात थांबला. मी बघत उभा. तोही थांबलेला, मीही थांबलेलो. म्हटलं, येईल. काठावरून पेणची मंडळी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तेवढ्यात रोह्याचा बंड्या धावत आला आणि त्याने बॉल पायाच्या अंगठ्याने माझ्या शेजारून आत ढकलला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण हा बंड्या म्हणजे सुनंदाचा भाऊ!

सुनंदा रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावची. धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. महिन्यापूर्वीच मी आई-बाबांबरोबर तिला बघायला गेलो होतो आणि बघितल्यापासून माझं रंगकामात लक्ष नव्हतं (दोन उंदरांना मी सोंडा काढल्या होत्या). तिने त्या दिवशी सरळ विचारलं होतं, "मी नोकरी सोडणार नाय. शिफ्टपण असते. चालेल?" चालेल म्हणायला मी तोंड उघडलं, पण तोंडात लाडू होता. आई घाईने म्हणाली, "बघू हो, पुढचं पुढे." तिथे माती खाल्ली. तिची आधीची दोन स्थळं याच नोकरीवरून मोडली होती. सुनंदाचे वडील तात्या पण धाटावला ऑपरेटर, कमी बोलणारे. त्यांनी त्यांच्या घरचा पाट आमच्या हाती दिला. "आमचा गणपती यंदा तुमच्या कारखान्यातून. तुम्ही स्वतः घेऊन या. चतुर्थीला सगळे जमतील, तेव्हा काय ते सांगतो."

म्हणजे माझं लग्न त्या पाटावर ठेवलेलं होतं.

हरून आलो त्या संध्याकाळपासून आमच्या कारखान्यात चर्चासत्र सुरू झालं. संघाचे सगळे चाहते कारखान्यात जमायचे, कारण तिथे वरून पाणी गळत नव्हतं आणि आई चहा द्यायची. प्रश्न एकच होता: हरलो कशामुळे? बाबांचं मत, रंगामुळे. काकांचं मत, गोलकीपरमुळे.

"रंग गेला म्हणून पोरांना आपली माणसं ओळखू येईनात, विनायका!" बाबा म्हणायचे. "आयुष्य रंगात गेलं तुझं आणि कुठला रंग पावसात टिकतो तेवढं नाय कळत?"

"दादा, रंगाचं नाव काढू नका! बॉल गोलसमोर थांबलेला. थांबलेला! आणि हा झोपलेला!"

"झोपलो नव्हतो, काका!"

"मग काय ध्यानाला बसलेलास?"

तोंडी वाद भागेना, तेव्हा काकांनी फळीवर वाळत ठेवलेले उंदीर खाली घेतले. मूर्तीपुढे बसतात ते, मुठीत मावतील एवढे. अकरा कोरे पांढरे उंदीर म्हणजे रोहा, अकरा पिवळे रंगवलेले म्हणजे पेण, आणि बॉल म्हणून एक मोदक. रोज संध्याकाळी अख्खी मॅच जमिनीवर पुन्हा खेळली जायची आणि रोज आम्ही पुन्हा हरायचो. कोपऱ्यावरचे टेलर म्हणायचे, "हा मधला उंदीर थोडा मागे असता तर?" मग उंदीर मागे घ्यायचा. तरी मोदक आत! गिऱ्हाईकं पाट द्यायला येत आणि तासभर उकिडवी बसून उंदीर सरकवत. आईने एकदा कंबरेवर हात ठेवून विचारलं, "गणपती करायचेत का यंदा, का नुसते उंदीरच विकायचेत?"

शेवटी काकांनी वाद कायमचा मिटवायचं ठरवलं. दुकानाची पाटी रंगवून उरलेला तेलरंग काढला आणि माझा, म्हणजे गोलकीपरचा उंदीर त्यांनी स्वतः रंगवला. पिवळं धमक बनियन, पाठीवर काळा एकचा आकडा, आणि डोळे? ज्या हाताने हजारो देवांना दृष्टी दिली, त्या हाताने काकांनी माझे डोळे मिटलेले आखले. पापण्यांसकट! ओठाच्या कडेला लाळेचा एक थेंबही काढला.

"घ्या दादा. हा रंग पावसात जायचा नाय, आणि हा उंदीर जागा व्हायचा नाय."

तो उंदीर त्यांनी रेडिओवर नेऊन ठेवला. कारखान्यात शिरणारा प्रत्येक माणूस आधी त्याला बघायचा, मग मला. मला खरंच राग आला होता, पण उंदीर इतका हुबेहूब जमला होता की मलाही मध्येच हसू यायचं.

चतुर्थी जवळ आली तशी आईने बाकीच्या उंदरांना पकडून तपकिरी रंग फासला आणि कामाला लावलं. आदल्या संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकांची रीघ. मी तात्यांची मूर्ती मात्र बाजूला जपून ठेवली होती. चतुर्थीच्या सकाळी निघायला म्हणून बघतो, तर पुढे उंदीर नाही! कुणीतरी घाईत उचलून दुसऱ्या मूर्तीला लावला होता. सगळ्या कारखान्यात एकच उंदीर शिल्लक. रेडिओवर. झोपलेला.

एसटीची वेळ झालेली. मी तपकिरी रंगाची वाटी घेतली, बनियन झाकलं, आकडा झाकला, पापण्या झाकल्या आणि वर आयुष्यात पहिल्यांदा स्वतः डोळे आखले. एक डोळा पेणकडे बघत होता आणि एक रोह्याकडे, पण उघडे होते हे महत्त्वाचं. तेलरंगावर पाण्यातला रंग धरत नाही, हे आमच्या कारखान्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण समोर सुनंदा दिसत होती, त्यामुळे रंगशास्त्र मागे पडलं.

मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, वर कापड, असा मी नागोठण्यापर्यंत छान गेलो. पुढे पाऊस लागला आणि एसटी गळायला लागली. मी छत्री उघडली (गाडीच्या आत, कंडक्टर म्हणाला, "देव हाय म्हणून सोडतो!") आणि बाप्पावर धरली. रोह्याला उतरून पूल ओलांडून अष्टमीला पोचेपर्यंत बाप्पावर मी एक थेंब पडू दिला नाही. छत्री बरोबर मूर्तीच्या डोक्यावर होती. पाटाचा पुढचा कोपरा तेवढा उघडा राहिला. काकांना नंतर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कोपरा उघडा टाकायची तुझी सवय जुनीच."

दारात सुनंदाच्या आईने माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, ओवाळलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. मूर्ती मखराशी नेली, तात्यांनी कापड काढलं आणि सगळे गरजले, "गणपती बाप्पा—"

"मोरया" कुणी म्हणालंच नाही.

पाटावर तपकिरी पाण्याचं तळं साचलं होतं. त्यात पिवळं बनियन घालून, पाठीवर एकचा आकडा मिरवत, लाळ गाळत आमचा उंदीर गाढ झोपला होता.

बंड्याने खाली वाकून बघितलं. मग उंदराकडून माझ्याकडे. "तात्या! ह्यो तर पेणचा गोलकीपर!"

मला वाटलं, संपलं. पाट परत, लग्न परत, एसटी परत! आणि शेजारचे दामूकाका खो खो हसत म्हणाले, "बरोब्बर काढलाय! झोपलेलाच होता त्या दिवशी. मी बघितलंय ना!"

तात्या एकदम ताठ झाले. "कोण झोपलेला?"

"ह्यो. गोलकीपर."

"म्हणजे आमच्या बंड्याने झोपलेल्या माणसावर गोल मारला? असं म्हणायचंय तुला, दामू?"

"तसं नाय तात्या, पण—"

"जागा होता! टक्क जागा होता! जाग्या माणसावर मारलाय गोल माझ्या पोराने!"

अशा रीतीने पेणच्या कारखान्यातलं चर्चासत्र अष्टमीच्या मखरासमोर पुन्हा सुरू झालं. फरक एवढाच की इथे ते जिंकलेले होते आणि बापलेक मी जागा होतो हे सिद्ध करायला जिवाचं रान करत होते. बंड्या तावातावाने सांगत होता, "मला बघून त्याने पापणी हलवली!" दामूकाका म्हणत होते, "झोपेत हलते पापणी!" कुणीतरी नैवेद्याचे मोदक घेऊन जमिनीवर मैदान मांडायला निघालं, तेव्हा सुनंदाची आई कडाडली, "हात लावशील तर बघ!" भटजी घड्याळ बघत म्हणाले, "मला अजून चार घरं करायची आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "पण मीही होतो मॅचला. मला तरी तो डुलकी घेताना दिसला."

"भटजी, तुम्ही तर मंत्र म्हणतानासुद्धा डुलक्या घेता!" तात्या म्हणाले. आणि मग ते माझ्याकडे वळले. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा येऊन उभी राहिली होती.

"तुम्हीच सांगा. जागे होता का झोपलेले?"

झोपलेलो म्हटलं तर मेव्हण्याचा गोल फुकट. जागा म्हटलं तर जावई बिनकामाचा. या वेळी तोंडात लाडू नव्हता, म्हणून खरं तेच बाहेर पडलं.

"जागा होतो, तात्या. बॉल बघतच होतो. तो डबक्यात थांबला. म्हटलं, दमला असेल. जाईल त्याला जायचं तिकडे. आपण कशाला मध्ये पडा?"

दारातून हसणं ऐकू आलं. सुनंदा पदराने डोळे पुसत होती.

"तात्या, मला हेच चालतील."

"काय गो? ऐकलंस ना काय बोलला तो?"

"ऐकलं म्हणूनच! आधीचे दोघं चहा प्यायच्या आत माझी शिफ्ट अडवायला निघालेले. ह्यांनी गोलमध्ये उभं राहून, सगळं गाव ओरडत असताना बॉल नाय अडवला. हे मला काय अडवतायत!"

तात्यांनी उंदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घरातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं असे ते पोट धरून हसले. बंड्याने उंदीर उचलायला हात घातला तर म्हणाले, "राहू दे. झोपू दे त्याला." भटजींनी विचारलं, "मग करायची का सुरुवात?" आणि "मोरया" एकदाचं पूर्ण झालं. त्या वर्षापासून तात्यांचा पाट आला की काका न विचारता तेलरंग काढतात.

लग्नानंतर सुनंदाने नोकरी सोडली नाही, शिफ्ट सोडली नाही. पहाटेची धाटावची बस धरायला ती निघते, तेव्हा मी दारात उभा असतो. पुढे मुलगी नाशिकला शिकायला गेली, मुलाने कारखान्यात बसायचं सोडून मोटरसायकल घेतली, सगळे त्याच दारातून माझ्या शेजारून गेले. मी प्रत्येक वेळी टक्क जागा होतो. अजून एकही अडवलेला नाही.