मामांची हनुवटी आणि माझा वस्तरा

एक वस्तरा. त्याची मूठ. धारेचा पट्टा. मान टेकवायची लाकडी उशी.

एवढं मी माझ्या हातांनी बनवलं ते एका माणसाच्या तोंडासाठी. तो माणूस आज सकाळी गेला.

माझे सासरे. फौजेतले निवृत्त हवालदार. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

मी वस्तरे बनवतो हे या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुणी शिकवलं नाही. जुन्या कानशी तापवून, ठोकून, पाणी देऊन, पाती वाकवून आणि फोडून शिकलो. त्यासाठी एमआयडीसीतली टर्नरची नोकरी सोडली, तेव्हा मामा साताऱ्याहून आष्ट्याला खास मला सुनावायला आले होते.

"पोरगी टर्नरला दिली हुती, वस्तरेवाल्याला न्हवं."

पुढं कित्येक वर्षं माझ्या वस्तऱ्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. फौजेतला जुना सेफ्टी रेझर, रोज सकाळी सहा वाजता. सुट्टी नाही.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडंच राहायला आले. मग कंपवात सुरू झाला. हात थरथरायचा, हनुवटी थरथरायची. आंघोळ करून बाहेर आले की तोंडावर पेपरचे लाल झालेले कपटे चिकटवलेले.

त्यात हृदयाचं दुखणं निघालं. रक्त पातळ करायच्या गोळ्या. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, कापून घेऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. सरळ दाढी वाढवा.

घरी आल्यावर मामा म्हणाले,
"वाढल्या तोंडानं मरायचं न्हाई मला. तेवढं बघा."

ट्रिमर आणला. एकदा फिरवला आणि ठेवून दिला. "शेरडं भादरायचं यंत्र हाय हे."

सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "आवं, तुमी करा की. जगाला वस्तरे पाठवताय."

मामा म्हणाले, "जावयाचा वस्तरा माझ्या गळ्याला? इन्शुरन्स उतरवलाय का रं माझा?"

पण खुर्चीत बसले.

मी त्यांच्यासाठी वेगळा वस्तरा केला. पातं आखूड. टोक गोल, कारण कानाखाली आणि ओठाच्या कोपऱ्यात कापतं ते टोकच. मुठीला मिरजेच्या एका तंबोरेवाल्याकडचा लाकडाचा तुकडा. असली मूठ ओल्या हातातून सटकत नाही.

पहिल्याच दिवशी जबड्याच्या हाडावर कापलं.

तुरटी दाबून किती वेळ बसलो होतो, विचारू नका.

मामा शांत. "धार बेस हाय रं. तू भिऊन दाबलंस."

खरं होतं. वस्तरा दाबायचा नसतो. त्याचं वजनच काम करतं. पात्याची पाठ गालापासून जेमतेम तिच्या जाडीएवढी उचललेली. केस जिकडं झुकलेत तिकडंच न्यायचं. आडवं सरकवलं की कापलंच. दुसऱ्या हाताच्या बोटांना तुरटी चोळायची, म्हणजे ओली कातडी घट्ट ताणता येते. आणि गरम टॉवेलला घाई नाही.

गाल जमले. गळा जमला. तिथं त्यांच्या केसांना उजवीकडं भोवरा होता, तो मला पाठ झाला.

हनुवटी जमेना. ती थांबायचीच नाही.

एक दिवस मी पातं उचलून वाट बघत उभा होतो. आमच्या भिंतीपलीकडं शाळा आहे. तिथं कवायत चालली होती. पीटीचे सर ओरडले, "सावधान!"

मामांचा जबडा आवळला. हनुवटी थांबली. दगडासारखी. चार-पाच सेकंद.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "हवालदार, सावधान!"

फेसातून एक डोळा उघडला. "आवाज पोटातनं काढ. आरती म्हणतुयास व्हय?"

मी पोटातनं काढला. हनुवटी थांबली. एक हात मारला, पातं उचललं, "विश्राम." मामांनी श्वास सोडला. परत सावधान. परत विश्राम.

पुन्हा कधी कापलं नाही.

जावयानं सासऱ्याला रोज सकाळी हुकूम सोडायचे. सुनंदा आतून हसायची. गल्लीला वाटायचं, आमच्यात रोज भांडण.

आज सकाळी मी सावधान म्हणालोच नाही.

हनुवटी आधीच थांबली होती. मला वाटलं, कंपवातावर दिलेली नवीन गोळी लागू पडली. खूश झालो. इतकी सलग, इतकी सफाईदार दाढी त्यांची मी कधी केली नव्हती.

त्यांनी उलट्या हातानं गाल तपासला. मग गळा.

"कापलं न्हाईस."

"न्हाई मामा."

"शिकलास."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

दहाच्या सुमाराला सुनंदा चहा घेऊन गेली. खुर्चीतच होते. मान माझ्या लाकडी उशीवर टेकलेली.

बघायला आलेली त्यांची थोरली बहीण गालावरून हात फिरवत म्हणाली, "माझा भाऊ नवऱ्यामुलावानी दिसतुया."

आत्ता नदीवरून आलोय. वस्तरा पुसला, तेलाचं बोट फिरवलं, ठेवून दिला.

मागच्या दिवाळीत, इथंच टाकलेला फोटो बघून, पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी त्या वस्तऱ्यासाठी फोन केला होता. फोन स्पीकरवर, मामा फेस लावून समोर बसलेले. मी नाही म्हणालो.

"किती देतो म्हणला?"

"ऐकलंत की. साठ हजार."

"आन तू न्हाई म्हणलास?"

"व्हय."

"येडा हायेस," म्हणाले. आणि मी न सांगताच वस्तऱ्यापुढं मान वर केली.

या आता, मामा.