खुडूक न होणाऱ्या कोंबड्या

किल्ल्या घासण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला कोंबड्यांतलं काय कळणार, असं त्याची बायको म्हणायची, आणि तिचं खरंच होतं. पुढच्या खोलीत त्याचं कुलूप-किल्लीचं दुकान, मधे स्वयंपाकघर, मागच्या अंगणात तिच्या कोंबड्या. तांबूस, ठेंगण्या, पायांवरही पिसं असलेल्या. पहिली जोडी तिने माहेरून आणली होती. ही जुनी जात आता दुसरीकडे कुठे दिसत नव्हती. गल्लीतली पोरं त्यांना पायजमावाल्या म्हणत.

अंडी त्या बेताचीच घालत. थोडी घातली की खुडूक होत. म्हणजे अंग फुगवून कोपऱ्यात ठाण मांडत, खाली अंडी असोत नसोत ऊब देत राहत, आणि हात लावला की चोच मारत.

"फुकट खातात नुसत्या," तो कुरकुरायचा.

"बसू दे की त्यांना. तुम्ही दुपारभर बसता, तुम्हाला कोणी बोलतं का?" ती म्हणायची.

मग ती गेली. नंतर थोड्याच दिवसांनी समोरची बेकरीवाली अंडी न्यायला आली आणि सहज बोलून गेली, "कोंबड्या दिसायला छान हो तुमच्या, पण अंड्यांच्या नावाने बोंब." तिच्या मनात काही नव्हतं. याच्या मात्र ते जिव्हारी लागलं. कोंबड्यांना नावं ठेवली म्हणजे बायकोला नावं ठेवली, असा त्याने हिशेब केला. माणूस दुःखात असला की असले हिशेब करतो. रडणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याने हे काम अंगावर घेतलं.

जी कोंबडी भरपूर अंडी घाली, तिचीच अंडी तो पिल्लांसाठी ठेवू लागला. उबवायला खुडूक कोंबडी लागायचीच. तिच्याकडून तेवढं काम करून घ्यायचं आणि पिल्लं सुटी झाली की तिला मेहुणीकडे पोचवायचं. तिचं स्वतःचं अंडं कधी पुढे चालवायचं नाही. किल्लीचा नको तो दात घासून टाकावा, तसा तो हा खुडूक होण्याचा स्वभाव घासत होता.

"भावोजी, ताईला खुडूकच कोंबड्या आवडायच्या हो," मेहुणी एकदा म्हणाली.

"तुझ्या ताईच्याच कोंबड्यांचं नाव करतोय मी."

काही वर्षांत नाव झालंही. टोपली रोज भरू लागली. "मानलं तुम्हाला," बेकरीवाली म्हणाली, तेव्हा आत जाऊन तो पहिल्यांदा पोटभर रडला. पुढे कोंबड्या खुडूक होणंच बंद झालं. नवी पिल्लं निघेनात, पण गडी खूश होता. अंडी येत होती ना.

कोंबडा एकच ठेवलेला, कारण शेजाऱ्यांना पहाटेचं आरवणं खपत नसे. म्हातारा झालेला तो कोंबडा एका सकाळी खुराड्यात मरून पडला. तो गेल्यावरही थोडे दिवस कोंबड्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघू शकतात, एवढं याला ठाऊक होतं. तेवढ्यात एखादी बसली तर ठीक, नाहीतर बायकोची जात संपली.

त्याने कोपऱ्यात अंधार केला, मऊ गवत घातलं, त्यावर अंडी मांडली. एकेका कोंबडीला वर बसवून टोपलीखाली झाकलं. प्रत्येकीने आपलं एक अंडं त्यात वाढवलं आणि सोडा म्हणून आरडाओरडा केला. तो तसाच मेहुणीच्या दारात गेला.

"मी दिलेल्यांपैकी एखादी आहे का गं?"

"कुठल्या असणार, भावोजी? म्हाताऱ्या होऊन गेल्या सगळ्या. शेवटची तर जाईपर्यंत बसून होती. खाली काही नव्हतं, म्हणून मीच तिला दोन गोटे दिले होते."

तो चहा न घेताच परतला.

मग त्याने खोक्यात बल्ब लावून अंडी ठेवली. दुकान सोडून तिथेच बसू लागला, हाताने अंडी फिरवू लागला. बरीचशी नासली. एका अंड्यातून मात्र आवाज आला. कान लावला तर आत पिल्लू चिवचिवत होतं. टवका उडाला, चोचीचं टोक दिसलं. सोडवावं की थांबावं, हे त्याला कळेना. बायको असती तर तिला कळलं असतं. तो थांबला. दुपारपर्यंत आवाज बंद झाला.

आणखी काही दिवसांनी बेकरीवाली भांडं घेऊन आली. "आज किती मिळतील हो?"

"हवी तेवढी न्या."

मागे एक कोंबडी अंडं घालून ओरडत होती. त्याने ते उचललं. चांगलं गरम होतं. दोन्ही तळव्यांत धरून ते निवेपर्यंत तो उभा राहिला, आणि मग ते बेकरीवालीच्या भांड्यात ठेवलं.