रूथबाईंचा मिक्सर

शेजारच्या रूथबाईंचा मिक्सर सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातले पेले थरथरायचे. लंडनजवळच्या पिनरमधली आमची दोन घरं एकमेकांना चिकटलेली, मधे एकच भिंत. मुलगा आणि सून सकाळी आठला कामावर जायची. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणजे तेवढाच.

नवरा गेल्यावर चौऱ्याऐंशी साली मी साताऱ्याहून मुलाकडे आले. आल्या आठवड्यातच कुंपणापलीकडून फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई चक्क मराठीत ओरडली, "अहो, तुमच्या झाडाची पेअर आमच्याकडे पडून कुजतायत. उचलू का?"

"उचला. तुम्ही ख्रिश्चन का?"

"ज्यू. अलिबागकडची. आता या, रस पिऊनच जा."

पेअर, काळं पडलेलं केळं आणि आल्याचा तुकडा, एवढंच मिक्सरमध्ये घातलं होतं. मी साखर मागितली. "आधी पिऊन बघा, मग मागा," म्हणाल्या आणि साखरेचा डबा उचलून कपाटात ठेवला. साखर लागली नाही.

त्यांच्याकडे मिक्सरची दोन भांडी होती. एक दुधाचं, एक बिनदुधाचं. बिनदुधाच्या मुठीला लाल दोरा. मटण खाल्लं की पुढे कितीतरी तास दुधाला शिवायचं नाही, म्हणून त्या दिवशी आंबा नारळाच्या दुधात. "तुमच्या देवाला केव्हाही चालतं. आमच्याचं टाइमटेबल आहे." रेल्वेच्या कुंपणाकडेच्या ब्लॅकबेरी आणायच्या आणि दोनदा गाळायच्या, कारण बी कवळीखाली अडकायचं. बर्फ मात्र त्यांना खपायचा नाही. "फळ बेचव असलं की लोक बर्फ घालतात."

स्वभावानं बाई गोड नव्हत्या. माझ्या सुनेला नावं ठेवायच्या, माझ्या चहाला नावं ठेवायच्या. त्यांचा मुलगा डेव्हिड महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा आणि अंगातला कोट न काढता बसायचा. तो गेला की मिक्सर उगीचच बराच वेळ चालायचा.

शुक्रवार वेगळा. त्या संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा पवित्र दिवस, सुरू व्हायचा. गुरुवारी रात्री त्या काळ्या मनुका भिजत घालायच्या. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या वाटायच्या, फडक्यातून पिळायच्या, आणि ते सरबत वाइनच्या जागी. दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची, मग प्यायचं. पूर्वी प्रार्थना त्यांचे यजमान म्हणत. ते गेल्यावर ह्या म्हणू लागल्या, पण आमेन म्हणायला समोर कोणी उरलं नाही.

"एकटीनं प्यायलं तर ते नुसतं सरबत, शांताबाई."

म्हणून मी जायचे. हिब्रू प्रार्थनेतलं अक्षर कळायचं नाही. त्या थांबल्या की आमेन म्हणायचे. डिसेंबरात साडेतीनलाच जावं लागे, जूनमध्ये नऊ वाजले तरी सूर्य हलायचा नाही. सून म्हणायची, "आई, आत्ता कुठे निघालात?" कुठे म्हणजे काय, शेजारी.

काही वर्षांनी माझ्या मुलाला बर्मिंगहॅमला नोकरी लागली आणि घर हलवायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारून मी तरी काय सांगणार होते? रूथबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मिक्सर बंद केला.

"मग आमेन कोण म्हणणार?"

"डेव्हिडला बोलवा."

"त्याला आठवतं तरी का?" मग म्हणाल्या, "तिकडे फोन असेल ना?"

त्यानंतर दर शुक्रवारी, दिवा लावायच्या आधी, फोन यायचा; दिवा लागला की त्यांना फोनला हात लावायचा नसे. रिसीव्हर मिक्सरजवळ धरायच्या. "ऐकू आलं?" "आलं." "आज पाणी जास्त झालंय. तुम्हाला काय, तुम्हाला प्यायचं नाहीये." मग प्रार्थना. माझं आमेन झालं की फोन खाली. येते-जाते म्हणायची पद्धत नव्हती.

एका डिसेंबरात शुक्रवारी साडेतीन वाजून गेले. चार वाजले, बाहेर काळोख पडला. मीच नंबर फिरवला. डेव्हिडनं उचलला.

"आंटी, मम्मी सकाळी गेली. हॉस्पिटलमध्ये. हार्ट."

 मग म्हणाला, "इथे किचनमध्ये एक बोल आहे. रेझिन्स, पाण्यात. फेकून देऊ?"

"नको. मिक्सरमध्ये घाल. लाल दोऱ्याचं भांडं घे."

मिक्सर फिरला. आवाज तोच. "आता फडक्यातून पीळ," मी म्हटलं. त्यानं पिळलं असावं. "नाऊ व्हॉट, आंटी?"

"आता तुझी आई प्रार्थना म्हणायची."

"मला येत नाही."

"तिथे कोण आहे तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"मग पी."

घोटाचा आवाज आला. नंतर नुसता श्वास. प्रार्थना काही झाली नव्हती. पण एकट्यानं प्यायलं तर ते नुसतं सरबत, आणि तो आईच्या घरात एकटा उभा राहून पीत होता. मी आमेन म्हटलं आणि फोन ठेवला.