टँकरच्या रांगेतला जपानी साहेब

दुष्काळाच्या उन्हाळ्यात लातूरला आमच्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेत तो माझ्यापुढं दोन घागरी घेऊन उभा असायचा. मूळचा उदगीरचा, जपानमधल्या कारखान्यात मॅनेजर, सुट्टीत बहिणीकडं आलेला. धक्का दुसऱ्याचा लागला तरी कमरेत वाकून माफी हाच मागायचा. बायका पदराआड हसायच्या.

"तिकडं लई फजिती झाली," तो एकदा म्हणाला. "मीटिंगमध्ये बेत सांगितला, सगळे 'हाय, हाय' म्हणाले. मला वाटलं, मंजूर. महिनाभर कुणी काडी हलवली न्हाई. नोकरी जायची वेळ आली, तवा कळलं, त्यांचं 'हाय' म्हणजे नुसतं 'ऐकलं'."

"मग?"

"मग आधी एकेकाच्या टेबलापाशी जाऊन विचारायला लागलो. अर्धे माझ्यापेक्षा शहाणे निघाले."

मी म्हणालो, "आमच्या कचेरीतबी 'हो' म्हणजे नुसतं 'ऐकलं' असंच हाय. फक्त आम्ही वाकत नाही."

चार दिवस तो सगळ्यांना वाट देत राहिला आणि घागरी रिकाम्याच घरी नेत राहिला. पाचव्या दिवशी बहीण काहीतरी बोलली असावी. टँकर येताच त्यानं बाह्या सारल्या, कोपरं काढली आणि तो गर्दीत घुसला.

भरल्या घागरी खाली ठेवून दम खात तो म्हणाला, "सोमवारी परत जायचंय. ही सवय तिकडं नेली न्हाई म्हणजे मिळवलं."