पद्मजाबाईंनी पास केलेला गुळव्या

शाहूपुरीत एका कापडदुकानाच्या डोक्यावर पद्मजा इनामदार यांचं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. जिना असा अरुंद आणि उभा की वर येईस्तोवर धडधाकट माणसालाही धाप लागावी. कोण कठडा धरून चढतो, कोण मध्येच थबकून कुठं निघालो होतो ते आठवतो, हे सगळं बाई दारात उभ्या राहून बघून घेत. तपासणी जिन्यातच सुरू होते, असं त्यांचं म्हणणं.

सव्वीस वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या बाईचे काही हट्ट असणारच. त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे, मनाला नावं ठेवण्याआधी शरीर बघा. थायरॉइड बघितलंत का? साखर? बी-ट्वेल्व? हे प्रश्न त्या इतक्यांदा विचारत की शाहूपुरीतले लॅबवाले त्यांना दिवाळीला फराळाचा डबा पाठवत. या हट्टापायी माणसं बरी झाली होती, हेही खरंच. गडहिंग्लजची एक शिक्षिका वर्षभर नैराश्याच्या गोळ्या खात होती आणि दुखणं निघालं थायरॉइडचं. ही हकिगत बाई दर व्याख्यानात सांगत, आणि दर खेपेला ती शिक्षिका आधीपेक्षा जरा जास्तच आजारी होत असे.

गुंडू चौगुले, सगळ्यांचे तात्या, त्यांच्याकडे पहिल्यांदा आले ते जूनमध्ये. वय अडुसष्ट, गाव राधानगरी रस्त्यावरचं, धंदा गुळव्याचा. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे अवाढव्य कढईतला, उकळता रस नेमका कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो. त्यासाठी यंत्र नाही, घड्याळ नाही. हात गार पाण्याच्या बादलीत बुडवायचा, भिजल्या बोटांनी काहिलीतला पाक चिमटीत उचलायचा, त्याच दमात हात परत पाण्यात, आणि गोळी वळते का बघायची. पन्नास हंगामांत तात्यांच्या हाताला एक फोड आला नव्हता. पण गेल्या हंगामात त्यांनी भलत्याच वेळी काहील उतरवायला सांगितली आणि पिराजी नावाच्या गड्याचा पाय घोट्यापर्यंत भाजला. तेव्हा गुऱ्हाळाचे मालक विजयसिंह म्हणाले, "तात्या, डोस्कं तपासून चिठ्ठी आणा. मगच काहिलीपाशी हुबं ऱ्हावा."

सोबत सून आली होती, स्नेहल. डी.एड. झालेली, नोकरी न मिळालेली, हुशार डोळ्यांची मुलगी. सासऱ्याला ती मामा म्हणे. स्मृतीची चाचणी घेताना नातेवाइकाला बाहेर बसवायचं असतं. पण तात्या परक्या बाईपुढं तोंड उघडेनात, म्हणून पद्मजाबाईंनी तिला आत राहू दिलं. ती कोपऱ्यात मांडीवर वही घेऊन बसली.

बाईंनी पाच शब्द सांगितले. कंदील, भोपळा, शिडी, चप्पल, विहीर. थोड्या वेळानं विचारले तेव्हा तात्यांना एक आठवला. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसले. तिसात सतरा गुण.

"नापास का?" तात्यांनी विचारलं.

"यात पास-नापास नसतं, तात्या."

"मग मार्क कशाला देताय?"

बाईंनी मार्कांचा कागद फायलीत सरकवला. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. बी-ट्वेल्व अगदी तळाला गेलेलं निघालं आणि बाईंचा चेहरा उजळला. मेंदूचा एखादा फोटोही काढायला हवा होता, मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. त्या म्हणाल्या, आधी इंजेक्शनं होऊ देत.

दसऱ्यानंतर तात्या पुन्हा जिना चढून आले. या वेळी घड्याळ गोल, काटे जागच्या जागी. वार, तारीख, महिना बिनचूक. पाचही शब्द टपाटप. तिसात सत्तावीस. दुसऱ्या खेपेला शब्दांची दुसरी यादी वापरायची असते आणि ती यादी खणात होतीही. पण पहिली बाईंच्या तोंडात बसलेली होती. स्नेहल कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती आणि तात्यांनी एकेक शब्द सांगितला की तिचे ओठ हलत होते. बाईंना ते दिसलं. सुनेचा जीव आहे सासऱ्यावर, असं त्यांना वाटलं. मग तात्या उठले आणि दाराकडं जायचं सोडून फायलींच्या कपाटाकडं निघाले. स्नेहलनं अलगद कोपर धरून त्यांना वळवलं. बाईंना तेही दिसलं.

तरी त्यांनी चिठ्ठी लिहिली. लिहिताना मनात व्याख्यानाची नवी हकिगत तयारच होत होती, शिक्षिकेपेक्षा सरस. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या. स्नेहल पाया पडली तेव्हा तिचे हात गार पडलेले होते, आणि बाईंनी पुढं केलेले पेढे घ्यायला न थांबता ती जिना उतरून गेली.

नोव्हेंबर संपत आला असताना त्याच गावची एक म्हातारी आली, बायडाबाई. मुलगा सयाजी सोबत होता. बाईंनी कागद समोर ओढला आणि म्हणाल्या, "आजी, मी आता तुम्हाला पाच शब्द सांगणार आहे."

"कंदील, भोपळा, शिडी, चप्पल, विहीर," बायडाबाई म्हणाली, आणि शाबासकीसाठी लेकाकडं बघितलं.

पद्मजाबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "हे कुणी सांगितलं?"

"घोकून घ्येतलंय की घरात," सयाजी कौतुकानं म्हणाला. "चौगुल्याच्या सूनबाईनं समदं लिहून दिलंय. तात्याचं चार म्हैनं पाठांतर घ्येतलं तिनं. सकाळी उठलं की वार-तारीख, संध्याकाळी घड्याळ. पाटीवर काढून घ्येत हुती. न्हाय तर तात्या कुठला पास व्हतोय! त्येस्नी पोराचं नाव आठवंना झालंय, मॅडम."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. रेघारेघांच्या वहीचं पान, सुवाच्य अक्षर, प्रश्नाखाली उत्तर. मुलांना परीक्षेला बसवतात तसं तिनं सासऱ्याला बसवलं होतं; आणि बाईंनी त्याला पास केलं होतं.

बाईंनी फोन ओढला. हंगाम सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. स्नेहलचा फोन लागेना. मग विजयसिंहांना लावला; त्यांनी उचलला, मागं चरकाच्या इंजिनाची घरघर होती.

"तात्यांना काहिलीपासून बाजूला करा. आत्ताच. मी दिलेली चिठ्ठी चुकीची आहे."

"आदण चालू हाय मॅडम, ऐकू यीना. तात्या झकास हायत! सूनबाई दिवसभर शेजारी बसत्यात, काळजीच न्हाय. आणि चिठ्ठीवर सही तुमचीच हाय की."

फोन बंद झाला. शेजारी बसत्यात, म्हणजे ती पोरगी तिथंही त्यांना एकेक गोष्ट सांगत असणार, हे बाईंच्या ध्यानात आलं. बायडाबाईला तशीच बसवून त्या जिना उतरल्या आणि गाडीत बसल्या. रंकाळा तलाव मागं पडला, उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगू लागली. भर दुपार होती, तरी हातातलं स्टिअरिंग गार लागत होतं. आपण ज्या विद्येवर सव्वीस वर्षं जगलो तिला एका डी.एड.च्या पोरीनं वहीच्या पानावर उतरवलं, हा राग आधी आला. मग तो राग कुणावर करायचा तेच समजेना.

गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली धूर आणि वाफ कोंडली होती. चुलवाणात चिपाडं धडाडत होती, काहिलीत पाक रटरटत होता. तिच्या कडेला तात्या उभे होते, पाठ ताठ, तोंडावर कसलाच भाव नाही. त्यांच्या डाव्या हाताला बादली आणि बादलीपाशी स्नेहल.

"मामा, पाणी," ती म्हणाली. तात्यांनी हात बादलीत घातला.

"आता पाक." हात काहिलीत गेला आणि चिमूट घेऊन आला.

"पाणी." हात बादलीत. गोळी वळली. तात्यांनी मान हलवली, अजून वेळ आहे. ते तेवढं त्यांचं त्यांना कळत होतं. बाकी सगळं ती सांगत होती. तिचा आवाज बसला होता, डोळे सुजले होते. पाच आठवडे ती हेच दोन शब्द बोलत उभी होती.

काही वेळानं तात्या पुन्हा काहिलीकडं वळले. पद्मजाबाईंना एकदम सहन होईना. दारातूनच त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "स्नेहल!"

स्नेहलनं दचकून मागं बघितलं.

तात्यांचा कोरडा हात काहिलीत गेला. त्यांच्या तोंडून गुरासारखा आवाज निघाला आणि हात वर आला, मनगटापर्यंत पाकानं लडबडलेला, वाफाळणारा. बादली वीतभर अंतरावर होती. तात्यांनी हात तिच्यात घातला नाही. तो तसाच हवेत धरून ते सुनेच्या तोंडाकडं बघत राहिले, पुढं काय करायचं ते ती सांगेल म्हणून.