अंगणातला सुतळी बॉम्ब

वडनेरच्या मनकर्णाबाईंच्या घरात कोणी पोटुशी असली, की मिक्सरसुद्धा मागच्या गोठ्यात नेऊन फिरवायचा. हसा खुशाल! बाईंना आठवा महिना असताना, ऐन दिवाळीत दीर बबनरावांनी अंगणात सुतळी बॉम्ब लावला आणि त्याच रात्री बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून बाई दिराशी चकार शब्द बोलल्या नाहीत. अख्खं आयुष्य एका अंगणात गेलं, आणि तो बिचारा मान खाली घालून वावरत राहिला.

आज सून वर्षालीचं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. ऑटो करून हिंगणघाटच्या दवाखान्यात आणलं ते बबनरावांनीच. ते बाहेर बाकावर बसले होते. आत पोटाला पट्टा बांधलेला, यंत्रावर बाळाचे ठोके पडत होते, पण अगदी एकसुरी. पौर्णिमा सिस्टरनं मुठीएवढं एक यंत्र आणलं.

"बाळ झोपलंय का बघू. हे पोटावर वाजवलं की जागं होतं. नाहीच झालं, तर डॉक्टर पुढचं ठरवतील."

बाईंनी तिचं मनगटच धरलं. "आवाज? पोटावर? मारून टाकतं काय वं पोराले?"

"आई, सोडा ना हात," वर्षाली रडकुंडीला आली. "मले लय भेव वाटून राह्यलं."

हात सुटला. यंत्र घरघरलं. बाईंनी डोळे गच्च मिटले.

"हाललं! आई, लाथ मारली!"

ठोके भराभर धावू लागले. सिस्टर हसली. "दचकलं, म्हणजे छान आहे. आवाजानं बाळ मरत नसतं, मावशी."

वर्षाली हसत होती, रडत होती. बाईंचा हात मात्र नकळत स्वतःच्या पोटावर गेला. त्या दिवाळीत बॉम्ब फुटला, तेव्हा त्यांनी पोटावर हात ठेवला होता. आत काहीच दचकलं नव्हतं. सकाळी चकल्या तळतानाही नाही. आदल्या दिवशीही नाही. फराळ उरकू दे, मग सांगू, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! बॉम्ब आयता सापडला, एवढंच.

त्या बाहेर आल्या. सवयीनं बबनराव उठून बाजूला सरले.

"भाऊजी, बॉम्बाच्या आधीच गेलं होतं ते."

बबनरावांनी मागे वळून पाहिलं. वहिनी दुसऱ्याच कोणाशी तरी बोलते आहे, असं त्यांना वाटलं.