निम्म्याचं निम्मं

वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या संघप्रिया खिल्लारे यांना दर वर्षी एकाच प्रश्नाचा वैताग यायचा. अणूचं थॉमसनचं प्रारूप झालं, रदरफोर्डचं झालं, बोरचं सुरू झालं, की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, आधीची चुकली होती तर आमाला कशाला शिकवायलात?"

"चुकली हे कसं कळलं, ते शिकायचंय," त्या म्हणायच्या. पोरं माना डोलवायची आणि परीक्षेत तिन्ही आकृत्या एकसारख्या काढायची.

घरचा वैताग मात्र निराळा निघाला. त्या भाड्यानं राहायच्या ते घर कडूबाईंचं. कडूबाईंना थायरॉइडचा कॅन्सर झाला, गळ्याची गाठ काढली, आणि नंतर शहरातल्या दवाखान्यात त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मुलाला, गोपीचंदला, बजावलं होतं की अजून दोन आठवडे लहान लेकरांना जवळ घ्यायचं नाही.

आल्या दिवशीच कडूबाई नातीला, भक्तीला, मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या.

"मावशी, तिला खाली ठेवा," संघप्रिया म्हणाल्या.

"काहून? मला ना ताप हाय, ना खोकला."

"आजार लागायचा नाही हो. तुम्हाला दिलेलं औषधच तसंय. अणूच्या मधोमध बारीक गाभा असतो. या औषधातला गाभा टिकत नाही, बदलतो, आणि बदलताना किरण सोडतो. ते किरण तुमच्या अंगातून बाहेर यायलेत."

"मला तर काई दिसंना."

"दिसत नाहीत, म्हणूनच सांगायलेय."

गोपीचंद दारातून म्हणाला, "बसू द्या ओ मॅडम घडीभर. लेकरू लय दिवसांनी आजीला भेटायलंय."

दिवसभर शाळेत बोलून त्यांचं डोकं उठलं होतं. त्या ताडकन बोलून गेल्या, "मग उद्या भक्तीच्या गळ्याला गाठ आली तर मला सांगू नका."

सून प्रियंका आतून धावत आली आणि तिनं लेकरू हिसकून नेलं. एवढं बोलायला नको होतं, हे संघप्रियांना तेव्हाच जाणवलं. पण निदान आता पाळतील, म्हणून त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत.

पाळलं, आणि ते थांबेचना. दोन आठवडे गेले, महिना गेला, तिसरा महिना उलटला, तरी कडूबाई मागच्या पत्र्याच्या खोलीतच. एके सकाळी प्रियंका त्यांच्या वेगळ्या ठेवलेल्या कपात वरून, लांबूनच चहा ओतताना संघप्रियांना दिसली. वेगळा कप म्हणजे काय असतं, हे पिढ्यानपिढ्या शिवाशिव सोसलेल्या खिल्लाऱ्यांच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्या तशाच गोपीचंदकडे गेल्या.

"दोन आठवडे सांगितले होते ना? आता काय चाललंय हे?"

"तुमीच म्हणलात, किरण दिसत न्हाईत. मग ते गेले हे तरी कसं दिसावं?"

संघप्रियांनी सुपातले मूठभर तुरीचे दाणे घेतले आणि ओट्यावर मांडून निम्मे बाजूला सारले. "आठ दिवसांत एवढं औषध संपतं. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं निम्मं. असंच पुढं. आणि बरंचसं तर आधीच लघवीवाटे गेलं."

गोपीचंद दाण्यांकडे बघत म्हणाला, "निम्म्याचं निम्मं करत गेलं तर थोडं तरी उरतंयच की."

हिशोबात तो चुकला नव्हता, म्हणून त्यांना जास्तच चीड आली. "त्याच्याहून जास्त किरण तर अन्नपाण्यातून तुमच्या अंगात जन्मापासून आहेत. माझ्याही. सगळ्यांच्याच."

"माझ्या अंगात?"

त्या संध्याकाळी गोपीचंदनं स्वतःसुद्धा भक्तीला उचललं नाही. ते बघून संघप्रिया कपाळाला हात लावून आत गेल्या.

पुढच्या तपासणीला त्या रजा काढून मायलेकांबरोबर गेल्या. तिथल्या माणसाला विनंती केल्यावर त्यानं किरण मोजायचं यंत्र कडूबाईंच्या गळ्याजवळ धरलं, मग गोपीचंदजवळ, मग रिकाम्या टेबलाजवळ. सगळीकडे तीच अधूनमधून टकटक.

"परत लावा," गोपीचंद म्हणाला. त्यानं परत लावलं. तेच.

घरी आल्यावर प्रियंकानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मशीन तर न्हाई म्हणली." आवाज असा, की मशीनवरही त्याचा पुरता भरवसा नव्हता.

कडूबाई मागच्या खोलीत गेल्या. वळकटी काखेत मारून पुढच्या खोलीत आल्या आणि पंख्याखाली अंथरूण टाकलं.

"मशीनला इचारलं, डॉक्टरला इचारलं, मॅडमला इचारलं," त्या म्हणाल्या. "मला एकानंबी इचारलं न्हाई. आता मी हितून हलत नसते."

कोणी हलवलं नाही. भक्ती बरेच दिवस दारातूनच आजीकडे बघायची. मग एका दुपारी येऊन शेजारी झोपली. प्रियंकानं बघितलं, घुटमळली आणि कामाला लागली.

संघप्रियांना वाटलं, सुटले. त्याच आठवड्यात गोपीचंद त्यांच्या दाराशी आला. "मॅडम, शाळेमागं मोबाइलचा टॉवर उभा करायलेत. त्याचे किरण निम्मे किती दिवसांत होतात?"

संघप्रियांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बसा. ते किरण निराळे."